नॅसेल म्हणजे नावच! विमानाच्या इंजिनाच्या घराला होडीचा शब्द कसा चिकटला

परवा मावशीचा फोन आला होता, म्हणाली तू विमानाचं नेमकं काय करतोस रे, लोक विचारतात मला. म्हटलं सध्या नॅसेलच्या कामावर आहे. तर लगेच म्हणाली, "अरे नसेल कशाला, असेल म्हण की!" आता गंमत अशी की इंग्रजी बोलणारे लोक या शब्दाचा उच्चार खरंच 'नसेल' च्या अगदी जवळ करतात, आपण "तो घरी नसेल" म्हणतो ना तसाच, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर. आमच्याकडे हँगरमध्ये बहुतेक सगळे नॅसेल म्हणतात म्हणून मीही तेच लिहितोय. मावशीला तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही, पण हा शब्द माझ्या फार जवळचा आहे, त्यामागे अडीचशे वर्षांची गोष्ट आहे आणि ती शेवटी आपल्या मराठीपर्यंत येऊन पोचते, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू.

आधी वस्तू काय आहे ते बघू. तुम्ही प्रवासी विमानात खिडकीपाशी बसला असाल तर पंखाखाली एक मोठा गोल पिंपासारखा प्रकार लटकलेला दिसतो, पुढून उघडा, मागे निमुळता. सगळे त्याला इंजिन म्हणतात. पण तुम्हाला दिसतं ते इंजिन नसतंच, ते इंजिनाचं बाहेरचं घर असतं, आणि त्या घराला नॅसेल म्हणतात. खरं इंजिन आत, पाइप आणि वायरींच्या जंजाळात. पुढून बघितलं तर पंख्याची पाती दिसतात आणि मधोमध चकलीसारखी पांढरी खूण, तेवढं इंजिनाचं, आणि ती खूण फिरतंय की थांबलंय हे खाली काम करणाऱ्या माणसाला लांबून कळावं म्हणून काढलेली.

नॅसेल कधी म्हणायचं आणि कधी नाही यात थोडा घोळ होतो. एका इंजिनाचं छोटं विमान असतं, नाकातच इंजिन आणि पुढे पंखा, त्याच्या इंजिनावरच्या झाकणाला काउलिंग म्हणतात, नॅसेल नाही, कारण ते विमानाच्या धडाचाच भाग आहे. धडापासून वेगळं, स्वतंत्र असं कवच असेल तर ते नॅसेल. म्हणजे जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून जुहूला जे पुस मॉथ घेऊन आले त्याला नॅसेल नव्हतं, एकच इंजिन तेही नाकात. पण जुनं डाकोटा विमान आठवा, दोन इंजिनं दोन पंखांवर, त्यांना नॅसेल. आणि डाकोटात तर चाकंही उड्डाणानंतर त्याच नॅसेलमध्ये वर ओढून घेतली जायची, पूर्ण आत नाही जायची, थोडी खाली डोकावत राहायची. मोठ्या जेट विमानात नॅसेलला पंखाशी जोडणारा जो दांडा दिसतो तो पायलॉन, आणि नॅसेलची जी दारं आम्ही उघडतो ती फॅन काउल. एवढे शब्द पुरेत.

आता शब्दाकडे.

आमच्याकडे एक पोरगा आहे, उरणचा, घरची मासेमारीची बोट. तो नवीन होता तेव्हाची गोष्ट. एक फॅन काउल काढून ट्रॉलीवर ठेवलं होतं, आतली बाजू वर करून. हे एक अर्धं कवच म्हणजे बऱ्यापैकी मोठं असतं, माणूस आरामात झोपेल एवढं, दोन्हीकडून वर वळलेलं, आतून लांबच लांब आडव्या पट्ट्या मजबुतीसाठी. हा पोरगा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला, कडेवर हात फिरवला आणि म्हणाला, "होडीच आहे की ही, फक्त वल्हं नाही." तेव्हा मी त्याला सांगितलं की बाबा, तू आत्ता जे बोललास ना तोच या शब्दाचा अर्थ आहे.

नॅसेल हा फ्रेंच शब्द. फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ छोटी नाव, होडकं. तो आला लॅटिनच्या नाविचेल्ला वरून, म्हणजे पुन्हा छोटी नावच, आणि नाविचेल्ला आला नाविस वरून. नाविस म्हणजे जहाज. आपण होडीला लाडाने होडकं म्हणतो ना तसं नाविसचं लहान रूप नाविचेल्ला, आणि पुढे फ्रेंच लोकांच्या तोंडात फिरून फिरून मधला 'व' गळून गेला आणि झालं नॅसेल. विमान नावाची गोष्ट कोणाच्या डोक्यातही नव्हती तेव्हापासून हा शब्द नदीवरच्या होडीसाठी वापरात आहे, इंग्रजीतही तो पंधराव्या शतकात होडी याच अर्थाने आलेला आहे.

मग होडी आकाशात गेली कशी? बलूनमुळे. 1783 साल हे फ्रान्समध्ये बलूनचंच साल होतं. 21 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये मोंगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून दोन माणसं पहिल्यांदा दोर न बांधता मोकळी उडाली, त्यांना टोपली नव्हती, बलूनच्या तोंडाभोवती गोल गॅलरी होती आणि दोघं दोन बाजूंना उभे राहून मधल्या आगीत पेंढा टाकत होते. दहाच दिवसांनी, 1 डिसेंबरला, जॅक शार्ल आणि निकोला रोबेर हे दोघे हायड्रोजनच्या बलूनमधून गेले आणि या बलूनला आग नकोच होती, त्यामुळे माणसांना बसायला खाली दोरांनी टांगलेलं वेताचं वाहन केलं होतं. त्या दिवशी शार्ल खाली उतरल्यावर पुन्हा एकटाच वर गेला, बलून हलकं झाल्यामुळे भसकन जवळपास तीन किलोमीटर उंचीवर पोचला आणि एका दिवसात सूर्य दुसऱ्यांदा मावळताना बघितला! मला हा प्रसंग वाचला की दर वेळी अंगावर काटा येतो.

तर वर फुगलेला भलामोठा गोळा आणि खाली लटकलेलं हे छोटं वाहन, त्याला काय म्हणणार? आकाशातल्या प्रवासासाठी कोणाकडेच शब्द नव्हते. जे शब्द होते ते पाण्यावरच्या प्रवासाचे, मग तेच उचलले. पायलट, कॅप्टन, केबिन, रडर, वेग मोजायचा नॉट, सगळं जहाजावरून विमानात आलंय. तसंच बलूनखालच्या टोपलीला फ्रेंच लोक नॅसेल म्हणायला लागले. आणि लोकांनी हे नुसतं नावापुरतं ठेवलं नाही, खरंच होड्या टांगल्या. 7 जानेवारी 1785 ला ब्लांशार आणि त्याच्याबरोबर जेफ्रीज नावाचा डॉक्टर असे दोघे डोव्हरहून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले तेव्हा त्यांच्या बलूनखाली होडीच्या आकाराचं वाहन होतं आणि हवेत मारायला चक्क वल्ही होती. हवेत वल्हं मारून काही होत नाही हे त्यांना लवकरच कळलं. खाडीच्या मध्यावर बलून खाली यायला लागलं, मग वाळूच्या पिशव्या टाकल्या, वल्ही टाकली, नांगर टाकले, शेवटी अंगावरचे कपडेसुद्धा टाकले आणि कसेबसे फ्रान्सच्या किनाऱ्यापलीकडे एका जंगलात उतरले. नाव बुडायला लागल्यावर कोळी जे करेल तेच केलं त्यांनी, भार कमी केला.

फ्रान्समध्ये आजही नॅसेल हा शब्द रोजच्या वापरात आहे. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला क्रेनच्या टोकाला जी टोपली असते ज्यात माणूस उभा राहतो ती नॅसेल. उंच इमारतीच्या काचा पुसायला जो पाळणा सोडतात तो नॅसेल. तान्ह्या बाळाला झोपवून उचलून न्यायचं जे टोपलीसारखं असतं तेही नॅसेल. म्हणजे त्यांच्या कानाला या शब्दात इंजिन वगैरे काही ऐकू येत नाही, काहीतरी अलगद आत ठेवून नेणारं, असं ऐकू येतं. मला हे कळल्यापासून काउल बंद करताना हा अर्थ आठवतोच.

पुढचा टप्पा एअरशिपचा, म्हणजे इंजिन लावलेल्या बलूनचा, आणि इथे खरी अदलाबदल झाली. बलूनला इंजिन नव्हतं, वारा नेईल तिकडे. काउंट झेपेलिनचं पहिलं एअरशिप 2 जुलै 1900 ला कॉन्स्टन्स सरोवरावर उडालं, त्याच्याखाली दोन गोंडोला होते आणि प्रत्येकात एक डाइमलर इंजिन. जर्मन लोकांनी फ्रेंच होडी न घेता व्हेनिसची होडी घेतली, गोंडोला, पण होडी ती होडीच. या गोंडोलात माणसंही होती आणि इंजिनही होतं, एकाच नावेत दोघं. मग 1928 मध्ये ग्राफ झेपेलिन हे एअरशिप आलं तोपर्यंत कामं वेगळी झाली होती. चालवणारे आणि प्रवासी पुढे मोठ्या गोंडोलात, आणि इंजिनं पाच, प्रत्येक स्वतःच्या वेगळ्या छोट्या गोंडोलात, मुख्य अंगापासून बाहेर लटकलेली. मेकॅनिक उडत्या एअरशिपमधून, बाहेरच्या हवेत, छोट्या शिडीवरून त्या इंजिनाच्या होडीत उतरायचा आणि तिथे त्या आवाजात आणि उष्णतेत बसून इंजिन सांभाळायचा. आमच्या कामाचे पूर्वज म्हणजे हे लोक. खाली समुद्र, हातात ऑइलचा डबा, आणि बाजूला पाचशे हॉर्सपॉवरचं इंजिन ओरडतंय.

विमानांमध्ये मात्र शब्द आधी माणसाच्याच घराला लागला. पहिल्या महायुद्धात अशी विमानं होती ज्यांचं इंजिन आणि पंखा मागच्या बाजूला, शेपटी नुसत्या लाकडी सांगाड्यावर, आणि पुढे बाथटबसारखं एक छोटं धड ज्यात पायलट आणि बंदूकवाला बसायचे. त्या टबला नॅसेल म्हणायचे. ब्रिटिशांचं एफई 2बी हे अशा विमानांपैकी एक. त्यात बंदूकवाला सगळ्यात पुढे, आणि मागून शत्रू आला तर हा उठून उभा राहायचा, वरच्या पंखावरून मागे गोळ्या झाडायला, नॅसेलची कड त्याच्या पायांपर्यंतच यायची, पट्टा नाही काही नाही, पायलटने वळण घेतलं की बंदुकीलाच धरून राहायचं. खोल समुद्रात होडीच्या टोकावर उभं राहून जाळं ओढणाऱ्या माणसासारखंच की.

नंतर अशी विमानं मागे पडली, माणसं मुख्य धडात गेली, धडाला फ्युजलाज म्हणायला लागले (हाही फ्रेंचच, चातीवरून, सूत कातायच्या टकळीसारखं दोन्हीकडे निमुळतं म्हणून), आणि नॅसेल हा शब्द उरला तो पंखावरच्या इंजिनाच्या कवचाला. माणूस होडीतून उतरला आणि इंजिन बसलं.

सुरुवातीला हे कवच म्हणजे नुसतं झाकण होतं, पण 1928 च्या सुमाराला अमेरिकेच्या नाका या विमान-संशोधन संस्थेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या लोकांनी मोठ्या विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडून विमान तपासायच्या बोगद्यात, प्रयोग केले. तेव्हाची रेडियल इंजिनं गोल, सिलिंडर चारी बाजूंना उघडे, थंड राहावेत म्हणून वाऱ्यात ठेवलेले, आणि त्यामुळे हवेचा प्रचंड अडथळा. यांनी असं काउल बनवलं की हवा आत जाईल, सिलिंडरांवरून जाऊन गार करेल आणि नीट मागून बाहेर पडेल. लॉकहीडच्या एअर एक्सप्रेस विमानाला ते बसवलं तर वेग ताशी 157 मैलांवरून 177 वर गेला. इंजिन तेच, विमान तेच, नुसता पत्रा वळवून वीस मैल जास्त! पण तीन इंजिनांच्या फोकर विमानाला तेच काउल लावलं तर फारसा फायदा दिसेना. मग लक्षात आलं की पंखाखाली लटकवलेलं नॅसेल आणि पंख यांच्या मधली हवाच बिघडतेय. वेगवेगळ्या जागी नॅसेल लावून बघितलं आणि उत्तर मिळालं की पंखाच्या पुढच्या कडेतच, थोडं पुढे काढून बसवा. त्यानंतरच्या मोठ्या विमानांची, डाकोटासकट, नॅसेलं तिथेच आहेत.

जेट आल्यावर परत चित्र बदललं. ब्रिटिशांनी 1952 मध्ये सेवेत आणलेल्या कॉमेट या जेट विमानात इंजिनं पंखाच्या मुळातच पुरली होती, दिसायला फार सुंदर. बोइंगने उलट केलं, त्यांचं बी-47 बॉम्बर 17 डिसेंबर 1947 ला उडालं त्यात इंजिनं पंखाखाली, पायलॉनवर, लांब लटकवलेली. तोच विचार पुढे 707 मध्ये आला, आणि 1960 मध्ये एअर-इंडियाकडे 707 आली तेव्हा आपल्या लोकांनीही पंखाखाली चार नॅसेलं लटकलेली पहिल्यांदा जवळून बघितली. याचे फायदे सरळ आहेत. आग लागली किंवा आतलं काही तुटलं तर ते पंखातल्या इंधनाच्या टाकीपासून लांब. दुरुस्ती करायची तर दारं उघडा आणि शिडीवर उभे राहा, पंख खोलायला नको. आणि एक फायदा पटकन लक्षात येत नाही तो म्हणजे वजनाचा. उडताना पंख वर वाकतो कारण हवा त्याला वर ढकलत असते, तेव्हा खाली लटकलेलं जड इंजिन त्याला दाबून धरतं, पावसाळ्याआधी आपण छपराच्या पत्र्यावर दगड ठेवतो ना अगदी तसं. त्यामुळे पंखाचा सांगाडा हलका करता येतो.

आता आजचं नॅसेल. याला झाकण म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आजच्या मोठ्या इंजिनात पुढचा पंखा जेवढी हवा ओढतो त्यातली साधारण नव्वद टक्के हवा आत जळतच नाही, ती इंजिनाच्या गाभ्याच्या बाहेरून, नॅसेलच्या आतल्या भिंतीला धरून सरळ मागे फेकली जाते आणि बराचसा जोर तिच्यातूनच मिळतो. म्हणजे नॅसेलची भिंत नसेल तर इंजिन अर्धवट. शिवाय विमान आवाजाच्या वेगाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वेगाने जात असतं, एवढ्या वेगाची हवा थेट पंख्यावर आपटली तर पंखा नीट काम करणार नाही, म्हणून नॅसेलचं तोंड आतून असं हळूहळू रुंद होत जातं की पंख्यापर्यंत पोचेस्तोवर हवा बरीच मंदावते. त्या तोंडाची पुढची कड चकचकीत, बिनरंगाची का असते माहितीये? तिथे बर्फ धरू नये म्हणून आतून इंजिनाचीच गरम हवा फिरवतात, आणि पुढून पाऊस, धूळ सगळं तिच्यावरच आदळतं, रंग टिकणारच नाही. या कडेला आम्ही लिप म्हणतो. खरंच ओठासारखी गोल असते.

त्या ओठाच्या आत हात घालून बघितलं तर भिंतीवर बारीक बारीक भोकं दिसतात, चाळणीसारखी, हजारो. मागे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली एका ठराविक सुरात घुमते, तसा प्रत्येक कप्पा एका ठराविक सुराची छोटी बाटली असतो, आणि पंख्याचा तो सूर भोकातून आत गेला की तिथेच विरतो. विमानतळाजवळ राहणाऱ्या माणसांना आज जी काही झोप मिळते त्यात या भोकांचा वाटा आहे. बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या नॅसेलची मागची कड करवतीसारखी दातेरी असते तीही आवाजासाठीच. आणि खिडकीतून नॅसेलच्या बाहेरून, धडाकडच्या बाजूला, एक छोटा पर दिसेल, माशाच्या पराएवढाच वाटतो लांबून. पावसाळ्यात दमट हवेत टेकऑफच्या वेळी त्याच्या टोकातून पांढरा धागा निघून पंखावरून मागे जाताना दिसतो, तो हवेचा भोवरा असतो आणि कमी वेगात हवा पंखाला नीट धरून ठेवायला मदत करतो. मुद्दाम बसवलेला आहे तो.

आगीचं तर सगळं नॅसेलमध्येच. आत आग ओळखणाऱ्या तारा, आग अडवणारी भिंत, आणि कॉकपिटमधून हँडल ओढलं की इंधन बंद आणि आग विझवणारा गॅस आत.

एवढं सगळं ज्याच्यात आहे ते कवच बंद राहतं कशावर, तर तळाशी असलेल्या काही कड्यांवर. लॅच. त्या अगदी खाली असतात, पोटाशी, उभ्याने दिसत नाहीत, वाकायला लागतं किंवा सरळ जमिनीवर आडवं व्हायला लागतं. 24 मे 2013 ला लंडनच्या हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेजचं ए319 विमान ओस्लोला निघालं आणि टेकऑफला दोन्ही इंजिनांची फॅन काउल उडून गेली. एका इंजिनाला आग लागली, विमान परत आणलं, सगळे वाचले. आदल्या रात्री काम अर्धवट सोडून मेकॅनिक सामान आणायला गेले होते आणि परत आले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी, तिथली दारं बंद दिसली म्हणून त्यांना वाटलं कोणीतरी लावली असतील. सकाळच्या तपासणीतही कोणाच्या लक्षात आलं नाही. मी नवीन पोरांना ही घटना दर वेळी सांगतो, आणि टॉर्च घेऊन त्यांना जमिनीवर झोपायला लावतो, एकेका लॅचवर बोट ठेवून मोठ्याने मोजायला लावतो. उरणच्या पोराला याचं काही वेगळं सांगावं लागलं नाही. बोट निघायच्या आधी तळ बघायचा असतो हे त्याला घरूनच माहीत होतं.

नॅसेलच्या आकारावरून एक दुःखद गोष्टही आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. बोइंग 737 हे विमान 1967 मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याची इंजिनं बारीक, सिगारसारखी होती, त्यामुळे विमान जमिनीपासून बुटकं ठेवलं होतं. नंतर इंजिनं जाड होत गेली. 1984 च्या 737-300 ला नवीन इंजिन बसवायचं तर खाली जागाच नव्हती, म्हणून इंजिनाच्या खालचं सामान बाजूला नेलं आणि नॅसेल खालून चपटं केलं, अजूनही त्या पिढीचं विमान समोरून बघितलं तर गाल फुगवल्यासारखं दिसतं. मग 737 मॅक्स आलं, इंजिन अजून मोठं. यावेळी ते पुढे आणि वर सरकवलं. पण नाक फार वर गेलं की त्या मोठ्या, पुढे आलेल्या नॅसेलवरसुद्धा हवेचा उचल मिळायला लागतो आणि तो नाक अजून वर ढकलतो. त्यावर उपाय म्हणून एमकॅस नावाची एक सॉफ्टवेअर यंत्रणा टाकली जी आपोआप नाक खाली करेल, आणि ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. 29 ऑक्टोबर 2018 ला इंडोनेशियात आणि 10 मार्च 2019 ला इथिओपियात, सेन्सरने चुकीची माहिती दिली, दोन विमानं पडली, 346 माणसं गेली. दोष नॅसेलचा नव्हता, दोष माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा होता. पण पत्र्याचा आकार चार बोटं इकडचा तिकडे झाला की विमानाचा स्वभाव बदलतो हे मी तेव्हापासून विसरलो नाही.

आता मराठीकडे येतो. लॅटिन नाविस आणि संस्कृत नौ हे सख्खे भाऊ आहेत, भाषेचे अभ्यासक यांना एकाच मुळाचे मानतात. त्या नौ मधून आपली नाव, नौका, नाविक, नावाडी, नौदल. तिकडे नाविस मधून नेव्ही, नेव्हिगेशन आणि आपलं नॅसेल. इराणातही तोच शब्द, नाव, आणि जहाजाचा मालक तो नाव-खुदा, त्याचं झालं नाखुदा आणि आपल्या कोळीवाड्यात आलं नाखवा. उरणच्या पोराचा बाप नाखवा. पोरगा नॅसेलवर काम करतो. बापाच्या कामाचं नाव आणि मुलाच्या कामाचं नाव एकाच शब्दातून निघालेलं आहे हे त्याला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला बाबांना फोन करतो. (आपण 'तुझं नाव काय' म्हणतो ते नाव वेगळं हं, ते नाम वरून आलंय. ती नाव आणि ते नाव.)

आमचे आजोबा रोज सकाळी दुर्गासूक्त म्हणायचे. त्यातली पहिली ऋचा ऋग्वेदातली आहे आणि तिचा शेवट "नावेव सिन्धुं दुरितात्यग्निः" असा आहे. नावेने नदी पार करावी तसं अग्नीने आम्हाला संकटांच्या पार न्यावं. लहानपणी नुसतं पाठ होतं, अर्थ नव्हता माहीत. आपल्याकडे विमानं होती वगैरे मला अजिबात म्हणायचं नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. फक्त एवढंच की पंखाखाली लटकलेलं, पोटात आग घेतलेलं ते होडकं, रात्री शेकडो माणसांना समुद्रापलीकडे नेतं, आणि त्याच्या नावात नाव आहे. मला ही ओळ आता दर नाइट शिफ्टला आठवते.

आणि नॅसेल बघायला विमानतळावर जायलाच पाहिजे असंही नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागते, तिकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्यालाही. खांबाच्या डोक्यावर, पात्यांच्या मागे, जी लांबट पेटी दिसते, तिलाही नॅसेलच म्हणतात. आत गिअरबॉक्स, जनरेटर, ब्रेक. दोन मेगावॅटच्या मशीनचं नॅसेल साठ-सत्तर टनांच्या घरात जातं, आणि दुरुस्ती करणारा माणूस खांबाच्या आतल्या शिडीने पट्टा लावून वर चढतो, त्या पेटीत शिरतो, ग्राफ झेपेलिनच्या मेकॅनिकसारखाच. विमानाचं नॅसेल हलत नाही, हे हलतं. वरती वाऱ्याची दिशा सांगणारं छोटं यंत्र असतं, वारा फिरला की मोटर चालू होते आणि ती सबंध पेटी पात्यांसकट सावकाश वळून वाऱ्याला तोंड देते. मागच्या जूनमध्ये मावशीला घेऊन तिथे गेलो होतो, ढग इतके खाली होते की खांब दिसतच नव्हते, फक्त वरच्या पेट्या मधूनमधून धुक्यातून वर निघायच्या आणि परत आत जायच्या. वारा पश्चिमेकडून होता, सगळ्यांची तोंडं कोयनेच्या दिशेला, समुद्राकडे.